गिनी पिगचे अंथरूण: रुपयांबरोबर बादल्याही मोजा

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगांतला. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे इथल्या घरांना नवे नाही. म्हणून मुलांच्या हट्टाखातर घरी गिनी पिग आणले असतील, तर त्यांच्या अंथरुणाचा खर्च काढताना धुण्याचे पाणीही हिशेबात धरा.

हा प्राणी एकटा ठेवू नये, म्हणून हिशेब जोडीचा. जोडीला किमान ४ × २ फूट, म्हणजे ८ चौरस फूट जागा हवी. तळ सपाट असावा. जाळीच्या तळाने पायाला जखमा होतात.

काय टाळावे

सुताराकडचा भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यात प्लायवूड, एमडीएफ, साग, पाइन असे सगळे मिसळलेले असते. बारीक धूळ, डिंकातली रसायने आणि पाइन-देवदारातली उग्र तेले या प्राण्याच्या श्वासनलिकेला सोसत नाहीत. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे भुसकट टोचते. मांजरासाठी मिळणारी, ओली झाल्यावर गोळा होणारी माती पोटात गेली तर जिवावर बेतू शकते.

तीन पर्याय, महिन्याचा हिशेब

पुढचे दर हिशेबापुरते धरले आहेत आणि बादल्यांचा आकडा अंदाजी आहे. तुमच्याकडचा भाव टाकून हीच आकडेमोड करा.

१. विकतचे लाकडी छिलके: ८ चौरस फुटांवर २ इंचांचा थर द्यायला सुमारे ३८ लिटर छिलके लागतात. आठवड्याला एकदा बदलले तर महिन्याला १५२ लिटर. लिटरला ५ रुपये पडले तरी ७६० रुपये होतात, कुरिअर वेगळे. उष्णतेने वाळवलेले, धूळ काढलेले छिलकेच घ्या. पाणी जवळजवळ लागत नाही.

२. फ्लीसचे कापड: दीड मीटर पन्ह्याच्या दीड मीटर कापडात दोन जोड निघतात. मीटरला २५० रुपये धरले तर एकदाच ३७५ रुपये. खाली जुना टॉवेल किंवा सुती गोधडी घाला, म्हणजे ओल खाली शोषली जाते. आठवड्यात दोनदा धुतले तर महिन्याला साधारण २४ बादल्या पाणी.

३. फ्लीस आणि कोपऱ्यात ट्रे: बरीचशी घाण ट्रेमध्येच पडते, म्हणून फ्लीस आठवड्यातून एकदा धुतले तरी भागते. ट्रेमध्ये रोज १०० ग्रॅम रद्दी, म्हणजे महिन्याला ३ किलो. किलोला २० रुपये धरले तर ६० रुपये. ट्रेच्या धुण्यासह पाणी सुमारे १६ बादल्या.

ट्रे कसा निवडावा

भांड्यांच्या दुकानातला साधा प्लास्टिक ट्रे पुरतो. एक प्राणी पूर्ण बसून वर थोडी जागा उरली पाहिजे, म्हणजे साधारण ४० × ३० सेंटिमीटर. पुढची कड ५ ते ७ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आखूड पायांना चढता येत नाही. जोडीला दोन ट्रे ठेवा. तळाला रद्दीच्या घड्या, वर वाळके गवत आणि गवताची टोपली ट्रेच्या मागच्या बाजूला. खाता खाता तिथेच लेंड्या टाकायची त्यांची सवय असते, तिचाच हा उपयोग. ते आधीपासून जो कोपरा वापरतात, तिथेच ट्रे मांडा. तरीही काही लेंड्या बाहेर पडणारच, त्यासाठी रागावू नका.

गवत बांधावरचे मारवेल किंवा पवना चांगले. फुलोऱ्याआधी कापून सावलीत वाळवा. कुसळी गवत मात्र नको, त्याची कुसळे डोळ्यांत आणि तोंडात रुततात. तणनाशक मारलेल्या बांधाचे गवत आणू नका.

स्वच्छता

मुतातल्या कॅल्शियमचा पांढरा थर ट्रेवर बसतो. अर्धे पाणी, अर्धा व्हिनेगर घालून पंधरा मिनिटे ठेवा, तो सुटतो. फिनाइल वापरू नका. पिंजऱ्याजवळ नाक नेऊन पाहा: डोळे चुरचुरले तर अंथरूण बदलायला उशीर झाला आहे. तळपाय लाल दिसले किंवा शिंका सुरू झाल्या तर पशुवैद्यकांना दाखवा.

आमचा सल्ला

पावसाळा आणि हिवाळ्यात तिसरा पर्याय घ्या. टँकरच्या महिन्यांत फ्लीस गुंडाळून ठेवा. सगळीकडे रद्दी आणि तिच्यावर गवताचा जाड थर द्या. नुसत्या रद्दीवर पाय घसरतात, म्हणून गवतात काटकसर नको. यात महिन्याला सुमारे ६ किलो रद्दी, म्हणजे १२० रुपये आणि चार-पाच बादल्या पाणी लागते. काढलेली रद्दी आणि लेंड्या शेणखताच्या खड्ड्यात टाका. पारा तिशीपुढे गेला की या प्राण्याला उष्माघाताचा धोका असतो, म्हणून उन्हाळाभर पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि आत एक गार फरशी द्या.

अंथरूण कुठलेही घ्या, ते कोरडे राहिले पाहिजे. रोज पाच मिनिटे त्यासाठी देता येत असतील, तरच गिनी पिग घरी आणा.