परांचीवर चढणाऱ्यांचा विमा

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं बाहेरचं प्लास्टर चालू असताना एक गवंडी तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीवरून पडला. जीव वाचला, पण कंबरेचं हाड असं मोडलं की पुन्हा परांचीवर चढणं त्याच्या नशिबी उरलं नाही.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ठेकेदाराने दिलेली पॉलिसी खरी होती, मुदतीतही होती. तरी दावा नाकारला गेला. पॉलिसी ठेकेदाराच्या पगारपत्रकावरच्या माणसांची होती, आणि हा गवंडी आला होता प्लास्टरचं पोटकंत्राट घेतलेल्या मुकादमाकडून.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याप्रमाणे भरपाई महिन्याभरात द्यावी लागे. उशीर झाला तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड. (तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.) पण त्यासाठी कामगार न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि गवंड्याच्या बायकोला औषधांचे पैसे त्याच दिवशी हवे होते. शेवटी आम्ही घरोघरी वर्गणी काढली. ती पुरणारी नव्हतीच.

म्हणून कळकळीने सांगतो, ठेकेदार 'विमा आहे' म्हणाला की कोणता, ते विचारा. 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी मुख्यतः बांधकाम, माल आणि तिऱ्हाइतांच्या नुकसानीसाठी असते. कामगारांसाठी 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन' लागते. ठेकेदार तिला अजून डब्ल्यूसीच (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. तिच्यात तुमच्या इमारतीचा पत्ता हवा. कामगारांची संख्या आणि मजुरी प्रत्यक्षाशी जुळायला हवी. सहा माणसं दाखवून वीस चढवणारे आहेत. पोटकंत्राटदाराच्या माणसांचा उल्लेख तर हवाच, तो जादा हप्ता भरून घालून घ्यावा लागतो. विमा कंपनीला स्वतः फोन करून पॉलिसी नंबर पडताळा.

परवान्याचंही तसंच. बरेच ठेकेदार सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी दाखवतात. ती सरकारी निविदांसाठी असते. तुमच्या कामावरच्या मजुरांच्या सुरक्षिततेची ती हमी नाही. त्यापेक्षा स्ट्रक्चरल इंजिनिअरची महापालिकेकडे नोंदणी आहे का आणि वायरिंगला हात लावणाऱ्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे का, ते बघा.

हे सगळं करारात लिहा आणि पॉलिसी हाती आल्याशिवाय ठेकेदाराला पहिला हप्ता देऊ नका. काम अर्ध्यावर असताना नवा मुकादम माणसं घेऊन आला, तर त्यांची भर पॉलिसीत पडेपर्यंत त्यांना परांचीवर चढू देऊ नका, मग पावसाळा तोंडावर आलेला असला तरी.