गिझरची वायर : दीड, अडीच की चार?

इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गिझरला कोणती वायर टाकू रे?" आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "अडीचची." बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. पण ते का बरोबर आहे आणि कुठे चुकतं, हे सांगता येत नसेल तर त्या उत्तराला काही अर्थ नाही. म्हणून इथे एकाच घराचा हिशोब मांडतो.

घर माझ्या मामांचं, अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वर मंदिरापासून पायी जाण्याइतकं जवळ. मातीच्या जाड भिंती, पुढे धाबं, मागे नंतर बांधलेली स्लॅबची न्हाणी. पुढच्या खोल्यांतली वायरिंग अजून लाकडी पट्टीवरची, ‘तीन-बावीस’ची आहे. ही जुनी गेजची भाषा. बावीस गेजच्या तीन तारा, म्हणजे आजच्या मापात जेमतेम १.२ चौ. मिमी तांबं. त्या काळी घरात दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ असायचा, तेवढ्याला ती भरपूर होती. मीटर पुढच्या दाराशी आणि न्हाणी पार मागे, त्यामुळे वळसे धरून १८ मीटर वायर लागते.

मामांना ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर हवा होता. ही चैन नव्हती. मिनिटाला ३ लिटर पाणी सोडलं तर ३ किलोवॅटचा गिझर ते साधारण १४ अंशांनी तापवतो. डिसेंबरच्या पहाटे टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल तर ते २९ वर जातं, म्हणजे धड कोमटही नाही. मग नळ बारीक करत बसा. ४.५ किलोवॅटचा गिझर तेच पाणी २१ अंशांनी वाढवतो. घरात म्हातारी आजी असली की या ७ अंशांना फार महत्त्व येतं.

आता करंट. २३० व्होल्टवर ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर आणि ४.५ किलोवॅट म्हणजे १९.६. करंट दीडपट झाला, पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. ब्राझीलमध्ये शॉवरच्या तोंडातच ५.५ किलोवॅटचा हीटर बसवतात. तिथल्या ज्या शहरांत १२७ व्होल्ट आहेत तिथे तो ४३ अँपिअर ओढतो. वायर वॅट बघत नाही, अँपिअर बघते.

१६ अँपिअरचं सॉकेट इथेच बाद झालं. ४.५ किलोवॅटला प्लग नकोच, सरळ डबल पोल स्विच हवा.

वायरमन काका अनुभवी माणूस. ते म्हणाले, "अडीच टाकून देऊ, काही होत नाही त्याले. मोटारीच्या पाइपातूनच ओढतो. दोन मिनिटं तर चालते गिझर!"

आयईसी ६०३६४ च्या तक्त्याप्रमाणे पाइपातून जाणारी तांब्याची पीव्हीसी वायर, हवा ३० अंश असताना, अशी चालते : दीडची १७.५ अँपिअर, अडीचची २४, चारची ३२, सहाची ४१. नुसतं एवढंच पाहिलं तर काका बरोबर आहेत. पण ३० अंश आपल्याकडे किती दिवस असतात? पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. हवा ४५ झाली की वायरला तापायला ४० ऐवजी २५ अंशच उरतात आणि क्षमता ०.७९ पट होते. अडीचची १९ वर येते, चारची २५ वर.

कोणी म्हणेल, मे महिन्यात गिझर लावतो कोण? खरं आहे, तेव्हा टाकीचं पाणीच चटका देते. जानेवारीच्या २५ अंशांत तर अडीचची वायर २५ अँपिअरही सोसेल. माझ्या मते उन्हाळ्यापेक्षा मोठा मुद्दा त्या मोटारीच्या पाइपाचा आहे. एका पाइपात दोन चालू सर्किट आली की दोघांचीही क्षमता ०.८ पट धरतात. २४ चे १९.२ झाले, गिझरला हवेत १९.६. हिवाळ्यातही काठावर. त्यातून पुरवठा २५३ व्होल्टपर्यंत चढला की गिझर २१.५ ओढतो. आणि दोन मिनिटांचं म्हणाल तर मामांकडे पाच माणसं एकामागून एक आंघोळ करतात. वायरला थंड व्हायला उसंत कुठे मिळते?

यापुढची गोष्ट बरेच जण विसरतात. एमसीबी गिझर वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. गिझरचा करंट ≤ एमसीबी ≤ वायरची क्षमता, हा क्रम तुटता कामा नये. २१.५ साठी २५ चा एमसीबी लागतो, आणि अडीचची वायर २४ ची. क्रम तुटला. चारची मात्र ४५ अंशांतही २५ ला टिकते, पाइप वेगळा असेल तर. मामांकडे शेवटी चारचीच वायर, वेगळा पाइप आणि २५ चा एमसीबी बसला. ३ किलोवॅटचा गिझर असता तर अडीचची आणि १६ चा एमसीबी पुरला असता. दीडच्या वायरीचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात ती १३.८ पर्यंत सोसते, म्हणजे १३ चा लोड चालतो आणि सगळं ठीक वाटतं. पण तिच्यामागे बसवलेला १६ चा एमसीबी तिला वाचवत नाही.

व्होल्टेज ड्रॉपची इथे काळजी नव्हती. चारच्या वायरीत १८ मीटरवर साडेतीन व्होल्ट जातात, अडीचच्या वायरीत साडेपाच.

अर्थिंगची काळजी मात्र होती. पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थची तारच नाही. नवी अर्थ वायर फेजच्याच मापाची, म्हणजे चारची घेतली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नये.

आता होस्टेलकडे वळू. वॉर्डन सरांची क्षमा मागून लिहितो. दीड हजार वॅटचा रॉड ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटला तो एकटाच जड. एका सर्किटवरच्या तीन खोल्यांनी सकाळी सातला रॉड टाकले की झाले १९.६, म्हणजे मामांचा अख्खा गिझर. वायर बहुधा दीडची, एमसीबी १६ चा. १.१३ पट करंटला एमसीबी तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे, असं त्याचं स्टँडर्ड आहे. १९.६ म्हणजे १.२२ पट, अगदी मधोमध. तो पडेल किंवा पडणारही नाही. पडलाच तर कोणीतरी हुशार ३२ चा आणून बसवतो. त्या दिवसापासून त्या सर्किटचा फ्यूज म्हणजे भिंतीतली दीडची वायर.