मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी का?

प्रश्न : आईंना (वय ६८) मोतीबिंदू आहे, मधुमेहही आहे. ऑपरेशन थंडीतच करावे का? खर्च किती? – एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : रावेरच्या उन्हाळ्यातही ऑपरेशन चालते, पिकू देण्याची गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून ते मोफत होते. खासगीत बिल मुख्यतः लेन्सवर ठरते. महागड्या मल्टिफोकल (लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सचा आग्रह धरू नका. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर तो पैसा वायाच. साध्या लेन्सने लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. आधी साखर आणि पडदा तपासा. ऑपरेशननंतर महिनाभर थेंब टाका, केळीच्या बागेतली धूळ टाळा. डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.