ती दोरी



या अंकासाठी प्रथमोपचारावर एक पाठ लिहा, असे मला सांगण्यात आले. पाठाची सुरुवात माझ्याच चुकीपासून केलेली बरी.

बऱ्याच वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही तिघे जण महाबळेश्वरहून तापोळ्याच्या बाजूला गेलो होतो. कोयनेच्या पाण्याकाठच्या एका कातकरी वाडीत शिधा आणि कपडे पोचवायचे होते. आम्ही तिथे असतानाच लाकडाची मोळी उचलणाऱ्या एका तरुणाच्या पायाला फुरसे चावले. मी लगबगीने पुढे झालो. लहानपणी ऐकले होते त्याप्रमाणे घोट्याच्या वर सुतळी करकचून आवळली आणि ब्लेडने जखमेवर चीर दिली. वाडीतली माणसे कौतुकाने पाहत होती. खरे सांगतो, मलाही माझे कौतुक वाटले.

लाँच मिळून, पुढे जीप मिळून दवाखाना गाठायला चार तास लागले. डॉक्टरांनी सलाईन लावले, सर्पदंशाची लस तयार ठेवली आणि मगच ती सुतळी हळूहळू सोडली. पाऊल काळेनिळे पडले होते. तरुण वाचला, ही प्रभूची कृपा. पण पायाची दोन बोटे काढावी लागली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर येऊन म्हणाले, "विषानं किती गेलं आणि दोरीनं किती, ते सांगता येत नाही. पण दोरीचा उपयोग झाला नाही, एवढं नक्की."

माझ्या मनात प्रीती होती, ज्ञान नव्हते. त्यानंतर मी प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले.

काय करावे, काय करू नये

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्याकडची लस या चारही विषांवर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नये. त्या नादात दुसराही माणूस चावून घेतो.

1. माणसाला धीर द्या, आडवे करा. त्याला चालू देऊ नका.
2. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या लगेच काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत.
3. मोडलेल्या हाडाला देतो तसा काठीचा आधार देऊन हात किंवा पाय स्थिर ठेवा. पट्टी सैल बांधा.
4. आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, झाडपाल्याचा लेप लावू नका.
5. कोणी आधीच दोरी आवळली असेल, तर ती एकदम सोडू नका. ते काम डॉक्टरांसमोर होऊ द्या.
6. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि ती मोफत आहे.

मण्यारीचे विशेष ध्यानात ठेवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. अशा माणसाला पित्त झाले म्हणून घरी ठेवू नये. मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा साधा बचाव आहे.

विंचवाबद्दलही थोडे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला गेले, की डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची कर्मभूमी लागते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात कितीतरी मुले दगावत असत. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध दवाखान्यात असते. तिथवर पोचवणारे हात वाडीत लागतात.

वाडीने मला शिकवले

पुढे त्याच वाडीत मी हे सारे शिकवत होतो. भगताकडे वेळ घालवू नका, असे म्हणालो. तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, "दादा, भगत रातीला येतो. तुमची लाँच येती का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा अर्धा वेळ वाहून नेण्याच्या सरावाला जातो. दोन बांबू आणि एक घोंगडी यांची डोली कशी करायची, उलटी होणाऱ्याला कुशीवर कसे ठेवायचे, रात्री कोणाची होडी काढायची, फोनला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, हे वाडीनेच ठरवले. भगतालाही वर्गाला बोलावले. तो आला आणि डोली उचलायला पहिला पुढे झाला.

गेल्या पावसाळ्यात तिथे एका बाईला साप चावला. वाडीतल्या दोन मुलींनी पायाला काठी बांधली, जोडवी काढली, वेळ लक्षात ठेवली. दोरी कोणी बांधली नाही. बाई आठवड्याने स्वतःच्या पायांनी घरी आली. मी तिथे नव्हतो, याचा मला आनंद आहे. आपण महिन्यातून दोनदा जाणारी माणसे. साप आपली वाट पाहत नाही.

चांगला शोमरोनी

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाची सोय केली. कळवळा आला आणि तो एवढ्यावर थांबला नाही. बांधणे, नेणे, सोपवणे, पुन्हा चौकशी करणे : प्रथमोपचाराचा क्रम हाच आहे.

28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि अनेक जण गेले. तेव्हा दोर घेऊन दरीत उतरणाऱ्यांत आपल्या परिसरातले स्वयंसेवक ट्रेकर होते. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून अपघातग्रस्ताला टाळण्याचेही आता कारण नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्या कलमाने शोमरोन्याचेच नाव घेतले आहे.

मंडळीत चर्चेसाठी

- आपल्या मंडळीत आज कोणी बेशुद्ध पडले, तर काय करावे हे किती जणांना येते?
- आपण वाडीत वस्तू देतो. आपल्यामागे तिथे राहील असे काय देतो?
- चांगल्या हेतूने आवळलेली एखादी दोरी आपल्या सेवेत अजून आहे का?

त्या तरुणाची भेट अजूनही होते. तो मासेमारी करतो, थोडा लंगडतो. वर्ग असला की तो पुढे बसतो आणि मी दोरीचा मुद्दा सांगू लागलो, की न बोलता आपला पाय पुढे करतो. त्याच्यासाठी आणि त्या वाडीसाठी प्रार्थना करा. आणि एक दिवस काढून शिकायला या.