बोटीमागचे कुरव

रोहा,
२० जुलै

चि. मुग्धा हिस,


वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत तुझा प्रवेश नक्की झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "मासे मोजायला एवढं शिक्षण कशाला रे?" तिच्यापुढे मी गप्प बसलो. तुला सांगतो. मासे मोजता कुणालाही येतात. आपण नक्की काय मोजलं, हे कळायला शिकावं लागतं.

मासळी आणि समुद्रपक्षी असा विषय घ्यायचा म्हणतेस. पक्षी जास्त तिथे मासळी जास्त, हे तू धरूनच चालली आहेस. सुरय पाण्यात सूर मारताना दिसले की कोळी होडी तिकडे वळवतात, हे खरं. पण परतणाऱ्या ट्रॉलरमागे कुरवांचा जो थवा लागतो, तो खलाशी न विकली जाणारी बारीक मासळी पाण्यात टाकतात म्हणून. त्या थव्यावरून बोटीचं कळतं, समुद्राचं फारसं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा हीच चूक केली. बोटी लागायच्या वेळेला बंदरावर जायचो, पक्षी मोजायचो. आलेख असा देखणा आला की साहेबांना दाखवायला निघालो होतो. पाट्या धूत बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "बोट नसते तवा येतोस का रं?" जात नव्हतो. आठ महिन्यांची वही बाद झाली. तेव्हापासून शून्य लिहायला शिकलो. पक्षी नाही, बोट नाही, तरी तारीख, वेळ, भरती की ओहोटी, उधाण की भांग आणि पुढे शून्य.

दुसरी फसगत पावसाळी बंदीची. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तेव्हा कुरवही दिसत नाहीत. बंदीमुळे पक्षी गेले, असं लिहायचा मोह होईल. अगं, तपकिरी डोक्याचे कुरव त्या वेळी लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर घरटी करत असतात! बंदीचा परिणाम पाहायचाच तर बारमाही इथे राहणारे समुद्रबगळे आणि ब्राह्मणी घारी मोज. कुरवांसाठी शिमगा गाठ. सणाला कोळी होड्या किनाऱ्यावर घेतात आणि कुरव अजून गेलेले नसतात. पक्षी आहेत आणि बोटी नाहीत, असे दिवस वर्षातून मोजकेच मिळतात. ते सुट्टीत घालवू नकोस.

आता जागेचं. मुंबईला गेलीस म्हणून मुंबईचंच बंदर घ्यायला हवं असं नाही. तुझ्या पेणजवळ अंबेची धरमतर खाडी, माझ्या रोह्याखाली कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी. अंबा उन्हाळ्यात रोडावते. कुंडलिकेत मात्र भिऱ्याच्या वीजघरातून बाहेर पडणारं मुळशी धरणाचं पाणी येतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. म्हणजे शेजारशेजारच्या दोन खाड्या आणि एकीला भर उन्हाळ्यातही गोडं पाणी. मे महिन्यात दोन्हीकडे पाण्याचा खारेपणा मोज, बोकशी जाळ्यात काय येतं ते पाहा, चिखलात निवट्या किती, त्यांच्यावर बगळे किती ते लिही. प्रयोगशाळेत अशी जोडी उभी करायला किती खर्च आला असता!

खाडीतल्या बारीकसारीक जीवांना कमी लेखू नकोस. १९४० साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या खाऱ्या-गोड्या पाण्यातून जेमतेम दोन सेंटिमीटरचा पारदर्शक मासा शोधून त्याचं वर्णन केलं. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटणा या दोघांवरून त्याचं नाव 'होराइक्थिस सेटनाय' पडलं. त्या एवढ्याशा माशासाठी त्यांना नवं कुळच मांडावं लागलं. एस. व्ही. बापट यांनी बोंबलावर अख्खा प्रबंध लिहिला, १९७० चा. ज्याला आपण तळून खातो त्याच्यावर! तो मिळवून वाच. डोल जाळ्यात सापडलेल्या बोंबलाच्या पोटात काय आहे, हे पाहायला किती चिकाटी लागते ते कळेल.

एक कानात सांगतो. मासळी विकायला बसलेल्या बाईला पहिल्याच दिवशी फूटपट्टी दाखवू नकोस. आधी विकत घे, भाव कर, नावं विचार. मांदेली, जवळा, शिंगाळा ही नावं वहीत तिच्या तोंडची लिही, शास्त्रीय नाव शेजारी. मोठे मासे वरच्या पाटीत मांडलेले असतात. खालची पाटी उपसल्याशिवाय सरासरी काढलीस तर ती विक्रीची सरासरी, समुद्राची नव्हे.

पेणला तुझ्या आळीत सध्या गणपतीच्या कारखान्यांची धांदल असेल. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याशेजारी एक दुपार गुपचूप बसून ये. मोजणीला तसा हात लागतो.

माझी जुनी दुर्बीण तुझ्या बाबांच्या हाती पाठवतो आहे. उजव्या भिंगाचा स्क्रू सैल आहे, पावसात नेऊ नकोस.

तुझा
मामा