स्वतःच्या रक्ताने लिगामेंट जुळतं का?

प्रश्न : माझा मुलगा कबड्डी खेळतो. चढाईत वळताना त्याचा गुडघा पिळवटला. एमआरआयमध्ये लिगामेंट फाटल्याचं निघालं. एक परिचित म्हणतात, स्वतःच्याच रक्ताचं इंजेक्शन घेतलं की ते जुळून येतं, ऑपरेशन टळतं. खरं आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी रिपोर्ट पुन्हा काढा आणि त्यात एमसीएल लिहिलंय की एसीएल, ते पाहा. सगळी मेख तिथेच आहे.

एमसीएल गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या पोकळीबाहेर असतं. त्याला रक्तपुरवठा चांगला. ब्रेस आणि फिजिओथेरपीवर ते बहुतेकदा आपणहून भरून येतं. एसीएल मात्र सांध्याच्या ऐन मध्यात असतं. ते तुटलं की दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरायला हवी. पण भोवतालच्या द्रवात ती टिकत नाही आणि टोकं तशीच सुटी राहतात.

परिचित सांगतात ते इंजेक्शन म्हणजे पीआरपी. हाताच्या शिरेतून रक्त काढून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो आणि मधे सायीसारखा पातळ पांढुरका थर. प्लेटलेट्सनी समृद्ध असलेला भाग वेगळा काढून दुखऱ्या जागी टोचतात, शक्यतो सोनोग्राफीत बघत. पुढचे दोन-तीन दिवस गुडघा चांगलाच ठणकतो. अर्धवट फाटलेल्या लिगामेंटमध्ये काहींना वेदनेत उतार पडतो. पण पीआरपी तयार करण्याची रीत ठिकठिकाणी वेगळी, म्हणून अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. पूर्ण तुटलेलं एसीएल त्याने जुळतं, याला मात्र भरवशाचा पुरावा नाही.

गुठळी न टिकण्याच्या अडचणीवर बॉस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी नामी तोड काढली. कोलॅजेनचा स्पंजसारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून तुटलेल्या टोकांमध्ये बसवायचा, म्हणजे गुठळी वाहून जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. गंमत अशी, की तो तुकडा बसवायला ऑपरेशनच करावं लागतं!

कुणी ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार मंजूर वैद्यकीय चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

मुलाला एवढंच विचारा : पर्वतीची टेकडी उतरताना, झटकन वळताना गुडघा निसटतो का? डॉक्टर लॅकमन चाचणीत गुडघा किंचित वाकवून नडगीचं हाड पुढे ओढतात आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघतात. एसीएल पूर्ण तुटलंय, गुडघा निसटतोय आणि पोराला पुन्हा मॅटवर उतरायचंय, असं असेल तर मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन नवं लिगामेंट बसवण्याचा पर्याय ऑर्थोपेडिक सर्जनशी बोलावा. तसाच खेळत राहिला, तर मेनिस्कस, म्हणजे आतली गादीही फाटण्याचा धोका असतो. निसटत नसेल तर मांडीच्या व्यायामांना आधी काही महिने द्या. पीआरपीचा खर्च करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.