सात-बाराचें पान कोठून येतें?

मेहकर तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्यास आपल्या शेताचा सात-बारा पाहावयाचा असल्यास आज तो ‘महाभूलेख’ हें संकेतस्थळ उघडितो. जिल्हा बुलढाणा, तालुका मेहकर व आपलें गांव निवडून गट क्रमांक भरला, कीं थोड्या वेळांत उतारा पडद्यावर उमटतो. विद्यार्थिमित्रहो, हें पान आधींच लिहून कोठें ठेविलेलें असतें काय? राज्यांतील प्रत्येक गटाचें निराळें पान कोणी लिहीत बसला, तर त्यास जन्म पुरणार नाहीं. आणि एका वारसाची नोंद बदलली, कीं पुन्हां शोधाशोध! म्हणून रिकाम्या जागा सोडलेलें पान एकच, व माहिती निराळी, अशी व्यवस्था करितात.

माहितीच्या भांडारास डेटाबेस म्हणतात. तलाठ्याच्या दप्तराप्रमाणें त्यांत तक्ते असतात. समजा, एकांत गट व क्षेत्र, दुसऱ्यांत खातेदारांचीं नांवें; दोहोंस जोडणारा धागा म्हणजे गट क्रमांक. तक्त्यांची ही उपपत्ति आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडिली.

पान व भांडार यांमध्यें एक मध्यस्थ लागतो. तो म्हणजे सर्व्हरवर चालणारी आज्ञावली. ती वाचकानें भरलेला क्रमांक घेते, एसक्यूएल या भाषेंत भांडारास प्रश्न करिते, आलेल्या ओळी रिकाम्या जागीं बसविते व भरलेलें पान वाचकाकडे धाडते. भांडाराचें दार उघडण्यास तिला बहुधा चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: भांडार कोणत्या यंत्रावर आहे, त्याचें नांव, वापरणाऱ्याचें नांव आणि परवलीचा शब्द.

हें सारें हातानें लिहिणें किचकट. म्हणून पान रचणाऱ्या सॉफ्टवेअरनेंच तें लिहावें, अशी युक्ति निघाली. मायक्रोसॉफ्टचें ‘फ्रंटपेज’ आणि २००० सालचें मॅक्रोमीडियाचें ‘ड्रीमवीव्हर अल्ट्राडेव्ह’ हीं त्यांतलीं. चार उत्तरें चौकटींत भरावीं, यादींतून रकाना उचलून पानावर ठेवावा, एवढी ओळ प्रत्येक नोंदीस पुन्हां छाप असें सांगावें, कीं आज्ञावली तयार! नवशिक्यास ही सोय मोठी खरी. पण आंत काय लिहिलें गेलें हें न पाहण्याची खोडही, आमच्या मतें, तिनेंच लाविली. फ्रंटपेज २००६ सालीं बंद झालें. २०१५ सालीं आलेल्या पीएचपीच्या ७ व्या आवृत्तींतून मायएसक्यूएलशीं जोडणारीं जुनीं साधनें काढून टाकलीं गेलीं; त्या आवृत्तीवर नेलेलीं तशीं पानें मुकीं झालीं.

याहून मोठें भय निराळेंच. क्रमांकाच्या जागीं कोणी लबाडानें एसक्यूएलचेच शब्द भरले व आज्ञावलीनें ते जसेच्या तसे प्रश्नांत चिकटविले, तर भांडार त्यांस हुकूम समजून पाळतें. नोंदी उघड्या पडतात, कधीं बदलतात, कधीं पुसल्याही जातात. ज्याच्या घराचें पोट दोन एकरांवर आहे व पीककर्जासाठीं ज्यास हाच उतारा दाखवावा लागतो, त्यास याचा अर्थ सांगावयास नको. यास्तव प्रश्नाचा सांगाडा आधींच पक्का बांधून ठेवावा, भरलेला मजकूर केवळ मूल्य म्हणून त्यांत द्यावा, आणि केवळ माहिती दाखविणाऱ्या पानास वाचण्यापुरताच अधिकार असावा.

सुटींत शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकांचा एक तक्ता करा व लेखकाच्या नांवावरून पुस्तक शोधणारें पान रचा. तें चालूं लागलें, कीं नांवाच्या जागीं एकटें एकेरी अवतरणचिन्ह भरून पाहा. पान अडखळून भांडाराची तक्रार दाखवूं लागलें, तर दार अद्याप उघडेंच आहे असें समजावें.